घाट उतरला की झाकण घट्ट

कॅमेऱ्याच्या हाउसिंगवर, म्हणजे पाण्याखाली नेताना कॅमेरा ज्यात बंद करायचा त्या डब्यावर, सगळ्यात ठळक छापलेला असतो तो खोलीचा आकडा. ४० मीटर. कुठे ४५, कुठे ६०. विकणारा आधी तोच सांगतो आणि घेणाराही आधी तोच विचारतो. मी कोल्हापूरची. आमच्याकडे पाणी म्हणजे पंचगंगा, रंकाळा, कळंबा, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत पोरं उड्या मारतात ती शेतातली विहीर. समुद्र हवा असेल तर गगनबावडा नाहीतर फोंडा घाट उतरून मालवण गाठायचं. त्यामुळे ‘चाळीस मीटर’ ऐकल्यावर माझ्या मनात पहिला प्रश्न आला तो हा, की एवढं खोल आपण जाणार कुठं?

लेकीनं तारकर्लीत डायव्हिंगचा कोर्स केला आणि तिच्या नादानं पन्नाशी उलटल्यावर मीही पाण्यात उतरले, त्यातून ही सगळी खरेदी उपटली. मालवणला पहिल्यांदा डुबकी मारणाऱ्या पर्यटकाला प्रशिक्षक हाताला धरून पाच ते आठ मीटरांवर फिरवून आणतो. परवाना काढला तर पहिल्या पायरीला १८ मीटरपर्यंत जाता येतं, पुढच्या पायरीला ३०, आणि हौशी डायव्हिंगची शेवटची हद्द ४०. म्हणजे डब्यावरचा तो आकडा आला कुठून, हे उघड आहे. जिथं हौशी माणसाला परत फिरायला सांगतात, तिथपर्यंत डब्यानं टिकावं एवढीच त्यात अपेक्षा. त्यापुढचे आकडे बढाईला ठीक.

तरी खोलीचा धाक मनातून जात नव्हता. तो घालवला भावजींनी. माझ्या धाकट्या दिरांचा उद्यमनगरात हायड्रॉलिक सिलिंडर दुरुस्तीचा कारखाना आहे. सील, ओ-रिंग म्हणजे खोबणीत बसून गळती रोखणारं रबरी कडं, ग्रीस यांत त्यांचा दिवस जातो. एका ओळखीच्यांकडून बघायला आणलेलं पॉलिकार्बोनेटचं, म्हणजे कडक पारदर्शक प्लॅस्टिकचं हाउसिंग मी त्यांच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी हात पुसले, कडी उघडली, खोबणीतून बोट फिरवलं आणि विचारलं, “किती प्रेशर म्हणता, वहिनी?”

म्हटलं, दर दहा मीटरला एक वातावरण. चाळीस मीटरला पाण्याचे चार.

“म्हणजे चार किलो.” उद्यमनगरात दाब किलोत मोजतात, चौरस सेंटिमीटरला किती किलो या हिशोबानं. “आमच्या कंप्रेसरची लाइन सहा-सात किलोवर असते. सिलिंडरला दोनशे. चार किलोला काय घाबरायचं ओ?”

मग त्यांनी मागच्या झाकणाची लांबी-रुंदी मोजली. पंधरा बाय दहा, म्हणजे दीडशे चौरस सेंटिमीटर. दहा मीटरवर त्या झाकणावर दीडशे किलोचा भार, चाळीस मीटरवर सहाशेचा. आकडा ऐकून मला धडकी भरली, पण त्यांचं म्हणणं वेगळंच होतं. हा भार झाकण उघडायला बघत नाही, दाबायला बघतो. जितकं खोल जाल तितकी ओ-रिंग खोबणीत जास्त घट्ट बसणार. रिंग बेभरवशाची कुठं असते, तर वरच्या हातभर पाण्यात, बोटीवरच्या धुण्याच्या टबात, जिथं तिला दाबणारं काही नसतं. “आणि हे बघा,” त्यांनी बटणं एकेक करून दाबली, “ह्यांची स्प्रिंग बघून घ्या. दांडीवर पाणी दाबणार. स्प्रिंग पुचाट असली तर खाली गेल्यावर बटण आत जाईल ते बाहेर यायचं नाही.”

कुठल्याही माहितीपत्रकात नसलेली ही गोष्ट पुढे फार कामी आली. स्वस्तातल्या हाउसिंगचं दुखणं नेमकं हेच असतं. पाणी आत येत नाही, पण शटर तेवढं दाबलेलं राहतं.

या सगळ्यात मी इतिहासही थोडा वाचला. लुई बूताँ नावाच्या फ्रेंच जीवशास्त्रज्ञानं १८९३ मध्ये बान्यूल-स्यूर-मेरच्या किनाऱ्यावर पाण्याखाली फोटो काढले. त्याचा कॅमेरा तांब्याच्या पेटीत होता आणि ती पेटी केली होती त्याच्या इंजिनियर भावानं, ओग्यूस्तनं. पेटीला हवेनं भरलेला रबरी फुगा जोडलेला. खाली जाताना पाण्यानं फुगा दाबला जायचा, त्यातली हवा पेटीत शिरायची आणि आतला-बाहेरचा दाब बरोबरीत यायचा. पाण्याशी झुंजायचंच नाही, अशी ती युक्ती. भावजींना हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प बसले. त्यांच्या बाबतीत ही मोठीच दाद.

भावाभावांनी कॅमेऱ्यामागं लागणं कोल्हापूरला नवं नाही. आनंदराव आणि बाबूराव पेंटर या नात्यातल्या भावांनी सिनेमाचा कॅमेरा इथंच बनवायचा ध्यास घेतला होता. १९१६ मध्ये आनंदराव गेले, तरी बाबूरावांनी तो पुरा केला. खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा स्तंभ आहे. तिथून रोज जाणारी निम्मी माणसं मान वर करत नसतील. पण परगावचा पाहुणा आला की त्याला तो आवर्जून दाखवतो आपण. कॅमेरा म्हणजे विकत आणायची नव्हे, घडवायची वस्तू आहे, असं मानणारं हे गाव. पाण्याखालचं हाउसिंग निवडताना हा स्वभाव मदत करतो आणि आडवाही येतो. आडवा कसा, ते पुढे येईलच.

तर खोलीचा प्रश्न मिटला. खरा प्रश्न पाण्यात उतरल्यावर कळला, आणि तो मालवणच्या पाण्याचा होता.

अंदमानच्या, लक्षद्वीपच्या निळ्याशार फोटोंवर पोसलेली आपली नजर. मालवणचं पाणी हिरवट. त्यात प्लवक, गाळ, कण तरंगत असतात. थंडीत, लाटा निवलेल्या असताना बरं दिसतं, पण तेव्हाही दूरचं चित्र धूसरच. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतालच्या खडकांवर प्रवाळ आहे, पट्टेरी सार्जंट मासे अंगावर येतात, पोपटमासे खडक कुरतडत असतात. १९८७ मध्ये इथं सागरी अभयारण्य जाहीर झालं ते उगाच नाही. पण हे सगळं दिसतं हाताच्या अंतरावर. दोन मीटरांपलीकडचा मासा फोटोत येतो तो भुताच्या सावलीसारखा.

त्यात पाणी रंग खातं. आधी लाल जातो. पाच मीटरांवरच तो मलूल झालेला असतो. मग नारिंगी, मग पिवळा. आणि इथं एक बारीक गोष्ट लोक विसरतात. उजेड वरून खाली येताना जसा गाळला जातो, तसा माशाकडून कॅमेऱ्याकडे येतानाही गाळला जातो. खोली तेवढीच ठेवून मासा दोन मीटरांवर असेल तर त्याचा लाल आणखी गेला. व्हाइट बॅलन्स, म्हणजे कॅमेऱ्याचा रंगांचा हिशोब, पाण्यातच पांढऱ्या पाटीवर जुळवून घेतला, रॉ म्हणजे कॅमेऱ्यानं प्रक्रिया न केलेली फाइल काढली, तर बरंच परत मिळतं. लाल फिल्टर लावतात तो निळ्या पाण्याला. आपल्या हिरव्या पाण्याला किरमिजीकडे झुकणारा लागतो. पण मधलं पाणी कमी करणं हा त्या सगळ्यांवरचा इलाज.

फ्लॅशचंही तेच. कॅमेऱ्यातला फ्लॅश भिंगाला खेटून असतो. तो उडवला की मधले सगळे कण उजळतात आणि चित्रभर पांढरे ठिपके. पावसाळ्यात गगनबावड्याच्या धुक्यात गाडीचा हेडलाइट अप्पर मारला की समोर फक्त पांढरी भिंत दिसते, तसलाच प्रकार. घाटात आपण डिपर मारतो किंवा खाली लावलेले फॉग लॅम्प वापरतो. पाण्यात स्ट्रोब, म्हणजे कॅमेऱ्याबाहेरचा वेगळा फ्लॅश, लांब दांडीवर, बाजूला धरतात. ते शक्य नसेल तर फ्लॅश बंद ठेवायचा आणि जवळ जायचं.

म्हणून मी दुकानदारांना विचारायचा प्रश्न बदलला. किती खोल जातो हे सोडून, किती जवळून घेतो ते सांगा. बहुतेकांना या प्रश्नाची सवय नव्हती.

पोर्ट म्हणजे डब्याची भिंगासमोरची खिडकी. ती सपाट काचेची असेल तर पाण्याच्या वक्रीभवनामुळे सगळं एक चतुर्थांश अंतर जवळ आलेलं, आणि एक तृतीयांशानं मोठं दिसतं. ऐकायला फायदा वाटतो. पण भिंगाचा आवाका आक्रसतो. २४ मिमीच्या भिंगाची चौकट हवेत कर्णावर ८४ अंशांची असते. सपाट पोर्टमागून ती पाण्यात साठीवर येते. मोठा खडक, त्यावर लेक, मागे किल्ल्याकडून येणारा उजेड असं चित्र हवं असेल तर मागं सरकावं लागतं, आणि मागं सरकलं की मध्ये आपलं हिरवं पाणी. त्यावर उपाय म्हणजे घुमटासारखा डोम पोर्ट, किंवा पाण्यातच पोर्टवर चढवायचं वाइड भिंग. डोमचा खोडसाळपणा असा, की त्यामागे दूरच्या वस्तूचीही प्रतिमा अगदी जवळ तयार होते आणि कॅमेऱ्याला तेवढ्या जवळ फोकस करता आला पाहिजे. काही कॉम्पॅक्टना, म्हणजे भिंग न बदलता येणाऱ्या छोट्या कॅमेऱ्यांना, तो येत नाही. कॅमेरा चांगला, डोम चांगला, आणि फोटो फोकसबाहेर.

आता पर्याय. प्लॅस्टिकची पिशवी, जी बोटीवर गळ्यात अडकवून सगळे फिरतात, ती पाऊस आणि शिंतोड्यांपुरती. तिच्यातून मोबाईलचा स्पर्शपडदा पाण्यात नीट चालत नाही, आणि पिशवीची घडी हमखास भिंगासमोर येते. ॲल्युमिनियमची हाउसिंग, हाँगकाँगच्या नॉटिकॅमसारख्यांची, बघायलाच देखणी. पण किंमत आतल्या कॅमेऱ्याच्या कितीतरी पट. ज्यांचं पोट त्यावर आहे त्यांनी घ्यावीत. ॲक्शन कॅमेरा लेकीकडे आहे. गोप्रो हाउसिंगशिवायही १० मीटर जातो, चालता-फिरता व्हिडिओ झकास. पण फूटभराच्या आतलं धूसर. माझा सगळा जीव त्याच फूटभरात.

राहिले दोन. एक इंची सेन्सरचा कॉम्पॅक्ट पॉलिकार्बोनेटच्या हाउसिंगमध्ये, किंवा मुळातच पाण्यात चालणारा टफ कॅमेरा, वर त्याचं हाउसिंग. चित्राच्या प्रतीत पहिला सरस, वाद नाही. पण हाउसिंग एकाच मॉडेलच्या मापाचं असतं. बटण दोन मिलिमीटर इकडं सरकलं की जुना डबा निकामी. कंपन्या कॅमेरा बदलत राहतात आणि डबा करणं बंद करतात. आधीपासून घरात असलेल्या माझ्या कॉम्पॅक्टचा डबा आता कुठंच नवा मिळत नाही. म्हणून घरात आहे त्या कॅमेऱ्याला डबा शोधत हिंडण्यापेक्षा, डबा मिळेल तोच कॅमेरा घ्यावा, असं माझं मत झालं. उलटा क्रम आहे, पण पाण्यात तोच चालतो.

मी घेतला ऑलिंपसचा टफ टीजी-६. २०१९ चं मॉडेल, सेन्सर लहान, १२ मेगापिक्सेल. एवढं ऐकून एक छायाचित्रकार मित्र हसला. हसू दे. भिंगापासून एका सेंटिमीटरवरचं तो टिपतो, रॉ देतो, नुसता १५ मीटर जातो आणि पीटी-०५९ या त्याच्या हाउसिंगमध्ये ४५. नंतर आलेला टीजी-७ त्याच डब्यात बसतो, ही लॉटरीच. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे डब्यात पाणी शिरलंच तर कॅमेरा स्वतः पाण्याचा आहे. याच विचारानं केलेला, डबाच नसलेला कॅमेरा पूर्वी होता: समुद्रतळ धुंडाळणारे फ्रेंच संशोधक कुस्तो यांच्या मंडळींसाठी झां द वूटर्सनी घडवलेला कॅलिप्सो, जो निकॉननं १९६३ पासून निकॉनॉस म्हणून विकला आणि २००१ पर्यंत बनवला. फिल्मचा जमाना होता. छत्तीस फोटो झाले की वर यायचं.

डबा घेतला म्हणजे झालं नाही. पहिल्यांदा तो रिकामाच, आत टिश्यू पेपर ठेवून, वजन टाकून पाण्यात बुडवायचा. मी घरच्या हौदात बुडवला. टिश्यू कोरडा निघाला तर पुढं. सासूबाईंनी कठड्याशी येऊन विचारलं, “काय शिजवालीस त्यात?”

ओ-रिंगचा शत्रू दाब नसतो, केस असतो. एक केस, वाळूचा एक कण, टॉवेलचा एक धागा रिंगवर आडवा पडला की तेवढी वाट पाण्याला पुरते. माझे केस कमरेपर्यंत. त्यामुळे हाउसिंग बंद करायचं म्हणजे आमच्याकडे सोवळंच असतं: केस फडक्यात बांधायचे, पंखा बंद, टेबलावर पांढरा कागद, उजेड भरपूर. रिंग टोकदार वस्तूनं काढायची नाही. दोन्ही बाजूंनी बोटांनी चेपली की फुगवटा येतो, तो धरून उचलायची. ग्रीस चमकण्यापुरतं, चोपडायचं नाही, कारण जास्तीच्या ग्रीसला कचरा चिकटतो. आणि ग्रीस कंपनीनं दिलेलंच. रिंग सिलिकॉनची असेल तर भलतं सिलिकॉन ग्रीस तिला फुगवतं. भावजींच्या डब्यातलं ग्रीस त्यांनी प्रेमानं देऊ केलं होतं, मी तितक्याच प्रेमानं परत केलं.

दुसरं संकट वाफेचं. किनाऱ्यावरची दमट हवा डब्यात बंद केली आणि डबा गार पाण्यात गेला की पोर्टच्या काचेवर आतून दव. सिलिका जेलची पुडी थोडं काम करते. पण मुळात हवा कोरडी असताना बंद केलेलं उत्तम. एसी खोली चालते. आणि थंडीतली कोल्हापूरची पहाट त्याहून चांगली. त्यामुळे बॅटरी पूर्ण भरून, कार्ड रिकामं करून मी घरीच झाकण लावते आणि पाण्यातून बाहेर येईपर्यंत उघडत नाही.

यातून एक गंमत झाली. डाइव्ह झाल्यावर मालवणात झाकण उघडायला गेले, तर कडी सुटली आणि झाकण सुटेना. लेक म्हणाली, “आई, काहीतरी चिकटलंय.” काहीच चिकटलं नव्हतं. फोनवर भावजींना विचारलं तर ते हसायला लागले.

“वहिनी, तुम्ही घाट उतरलाय न्हवं?”

कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरांहून थोडं उंच. इथली हवा मालवणापेक्षा सहा-साडेसहा टक्के विरळ. ती डब्यात कोंडली आणि खाली नेली, की बाहेरचा दाब जास्त, आतला कमी. डबा तापला नाही, तर दीडशे चौरस सेंटिमीटरच्या झाकणावर नऊ-दहा किलोचं ओझं फुकटात बसतं. महागड्या हाउसिंगला हातपंप मिळतो. त्यानं आतली हवा थोडी ओढून घेतात आणि ती पोकळी टिकते का यावरून सील तपासतात. आमचा पंप म्हणजे करूळ घाट. मालवणात झाकण उघडताना अडलं, म्हणजे वाटेत कुठूनही हवा शिरली नव्हती. बोटीवरच्या टबात ज्या वेळी रिंग ढिली असायची भीती, नेमकं त्याच वेळी हे नऊ-दहा किलो तिला दाबून ठेवतात.

अर्थात डबा गाडीच्या काचेजवळ उन्हात ठेवला तर गणित कोलमडतं. आतली हवा वीसेक अंशांनी तापली की तिचा दाब जवळपास तेवढेच सहा-साडेसहा टक्के वाढतो आणि घाटानं दिलेलं ऊन काढून घेतं. म्हणून डबा पायाशी, सावलीत. परतीच्या वाटेवर सगळं उलट. किनाऱ्याची दाट हवा कोंडून वर आणली तर ती झाकण आतून ढकलते, कडीवर ताण येतो. येताना डबा उघडाच ठेवायचा, रिंग काढून वेगळ्या पिशवीत.

त्याआधी गोड्या पाण्यात भिजवणं आहेच. नुसतं विसळून भागत नाही. बादलीत बराच वेळ बुडवून ठेवायचं आणि पाण्यातच प्रत्येक बटण पुन्हा पुन्हा दाबायचं. दांडीच्या आतल्या बारीक रिंगेशी मीठ वाळलं की त्याचे खडे तिला कापतात. स्पिरिटनं पुसायचं नाही, पॉलिकार्बोनेटला बारीक तडे जातात. डास पळवायचं मलम लावलेल्या हातानं तर शिवायचंच नाही. मालवणच्या संध्याकाळी हे शेवटचं पाळणं सगळ्यात अवघड.

आणि आता तो आडवा येणारा स्वभाव. भावजींनी व्हर्नियर लावून माझ्या रिंगची जाडी घेऊन ठेवली आहे. कंपनीची रिंग वर्षाला नवी मागवायची म्हणजे पैसे फुकट, नायट्रिल रबराची, सत्तर शोअर कडकपणाची शेजारच्या दुकानात मिळते, असा त्यांचा धोशा. मी ऐकत नाही म्हटल्यावर त्यांनी बारा मिलिमीटरची ॲक्रिलिक शीट आणून कारखान्यात उभी करून ठेवली. बूताँच्या भावानं तांब्यात केलं, आपण ॲक्रिलिकमध्ये करू, फुगा सायकलच्या ट्यूबचा लावू, बोल्ट ३१६ स्टेनलेसचे म्हणजे खारं पाणी खाणार नाही. चित्रही काढून झालंय. गेल्या रविवारी जेवायला आले तेव्हा हळूच विषय काढला.

“वहिनी, टेस्टिंगला तुमचा तो नवा कॅमेरा दोन दिवस मिळेल का?”

म्हटलं, “मिळेल की. आधी तुमचा मोबाईल घालून हौदात बुडवा.”

त्यांनी मोबाईल खिशातून काढला, जरा बघितला, आणि बायकोला विचारलं, “तुझा कुठाय गं?”